‘पास आउट’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे इंग्रजी पक्कं करायला येणारी मंडळी बहुतेक नोकरीतली असतात. कुणी डिप्लोमा झालेला, कुणी बी.कॉम., कुणी दहा वर्षं शॉप फ्लोअरवर काढून आता बाहेरच्या क्लायंटशी बोलायची वेळ आलेला. त्यांचे सीव्ही तपासताना पहिल्या चार ओळींतच एक शब्द हमखास सापडतो: ‘पास्ड आउट इन २०१८’. मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत या एका क्रियापदावर इतक्यांनी इतकं विचारलं, की उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवावीत असं वाटलं.

‘पास आउट’चे एकूण अर्थ किती?

रोजच्या वापरातले चार. शुद्ध हरपणं हा पहिला आणि जगभर सर्वांत जास्त चालणारा. वस्तू एकेकाच्या हातात देत वाटणं हा दुसरा. लष्करी किंवा पोलिसी प्रशिक्षण पुरं करून संस्थेतून बाहेर पडणं हा तिसरा, तो ब्रिटिश वळणाचा. आणि कॉलेजचं शिक्षण संपवून बाहेर पडणं हा चौथा, तो आपला, म्हणजे भारतातला. ब्रिज खेळणाऱ्यांना पाचवाही माहीत असतो. चौघांनीही ‘पास’ म्हटलं तर तो डाव ‘पास्ड आउट’ झाला असं म्हणतात आणि पत्ते पुन्हा वाटतात.

मग ‘मी २०१८ ला पास आउट झालो’ हे चुकीचं इंग्रजी आहे का?

नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण इंटरनेटवर याला ‘भारतीयांची हास्यास्पद चूक’ म्हणून हिणवणारे पुष्कळ व्हिडिओ फिरतात आणि ते बघून चांगली शिकलेली मुलं बोलायलाच घाबरतात. हा प्रयोग हवेतून आलेला नाही. लष्करी अकादमीतून ‘पास आउट’ होणं हा अर्थ ब्रिटिश कोशांत रीतसर नोंदलेला आहे. आपण तो बराकीतून उचलून कॉलेजात आणला, एवढंच. भारतात करोडो लोक तो रोज वापरतात आणि प्रत्येकाला तो कळतो. पुण्यातल्या एचआरला ‘मी २०१८ची पासआउट’ म्हटलं तर काहीही बिघडत नाही.

बिघडतं कधी, तर समोरचा माणूस भारताबाहेरचा असेल तेव्हा. अमेरिकन माणसाच्या कानाला ‘आय पास्ड आउट इन २०१८’ म्हणजे ‘२०१८ साली मी बेशुद्ध पडलो’. त्याला वाक्याचा पुढचा भाग ऐकून संदर्भ लागेलही, पण मधले दोन क्षण तो चाचपडतो. मुलाखतीत ते दोन क्षण तुमच्या बाजूने पडावेत असं वाटत असेल तर शब्द बदलावा. चुकीचा म्हणून नाही, त्याला तो माहीत नाही म्हणून.

लष्करातला हा प्रयोग आपल्याकडे अजून जिवंत आहे का?

अगदी जिवंत आहे, आणि तोही पुण्याच्या उंबरठ्यावर. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, वर्षातून दोनदा पासिंग आउट परेड होते, एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा हिवाळ्याच्या तोंडावर. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या नावाच्या मैदानावर तीन वर्षं घडलेले कॅडेट संचलन करतात. शेवटी ‘ऑल्ड लँग साइन’च्या सुरावर संथ पावलं टाकत ते क्वार्टर डेकपाशी जातात आणि एक विशिष्ट रेषा ओलांडतात. त्या जागेचं नाव आहे ‘अंतिम पग’. ते पाऊल पडलं की कॅडेट ‘पास आउट’ झाला.

३० मे २०२५ रोजी त्या मैदानावरून १७ मुली प्रथमच पास आउट झाल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींना एनडीएच्या प्रवेश परीक्षेला बसता आलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि तीन वर्षांनी १४८व्या कोर्सबरोबर ती बाहेर पडली. त्या दिवशीच्या इंग्रजी बातम्यांत ‘पास्ड आउट’ हाच शब्द होता, आणि तो शंभर टक्के बरोबर होता.

इथे एक बारकावा आहे. एनडीएतून पास आउट होणं म्हणजे अधिकारी होणं नव्हे. त्यानंतर भूदलाचे कॅडेट डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला आणि हवाई दलाचे डुंडीगलला जातात. तिथूनही पुन्हा पास आउट होतात, आणि मग अधिकारी होतात. म्हणजे एकच माणूस दोनदा पास आउट होऊ शकतो. या शब्दाचा भर परीक्षेवर नाही, एका जागेतून बाहेर पडण्यावर आहे.

‘पास’ आणि ‘पास आउट’ यांत फरक काय?

तो फरक याच बारकाव्यात आहे. ‘पास’ परीक्षा होते, ‘पास आउट’ माणूस संस्थेतून होतो. ‘आय पास्ड मॅथ्स’ म्हणजे गणितात पास झालो. ‘आय पास्ड आउट मॅथ्स’ असं इंग्रजी कुठेच नाही, भारतातही नाही. दहावी-बारावीसाठी साधं ‘पास्ड’ पुरतं: ‘आय पास्ड माय टेन्थ स्टँडर्ड बोर्ड एक्झाम इन २०१२’. त्याला ‘आउट’ची शेपटी लावू नका.

याला लागूनच एक सांगते. मराठीत आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून इंग्रजीतही ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतो. भारताबाहेर परीक्षा ‘देणारा’ शिक्षक असतो. विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, ब्रिटनमध्ये ‘सिट’ही करतो. ‘आय गेव्ह अ टेस्ट’ म्हटलं की तुम्ही मास्तर आहात असा समज होतो.

‘आउट’ का लावतात? नुसतं ‘पास’ का नाही?

मला हा प्रश्न फार आवडतो. आपल्याला हा ‘आउट’ इतका सहज का वाटतो, तर मराठीत आपण आधीपासून तेच म्हणतो. ‘९८ साली डिप्लोमा करून बाहेर पडलो’, ‘पोरगी शिकून बाहेर पडली’. शिक्षण ही आत जाऊन बाहेर पडण्याची गोष्ट आहे, अशी आपल्या भाषेची जुनी समजूत आहे.

आणि ही समजूत किती जुनी आहे ते ‘उत्तीर्ण’ या शब्दात दिसतं. आपण तो गुणपत्रिकेवर इतक्या वेळा वाचतो की त्याच्या आत काय आहे हे बघायचं राहून जातं. ‘उत्’ म्हणजे वर, बाहेर. ‘तीर्ण’ म्हणजे तरून, ओलांडून गेलेला. नदी ओलांडून पलीकडच्या काठावर वर आलेला माणूस तो उत्तीर्ण. म्हणजे ‘पास’ आणि ‘आउट’ दोन्ही त्या एका शब्दात आधीच बसलेले आहेत.

पुढे जाऊन बघा. इंग्रजी ‘पास’च्या मुळाशी लॅटिन ‘पासुस’ आहे, त्याचा अर्थ पाऊल. ‘ग्रॅज्युएट’च्या मुळाशी लॅटिन ‘ग्रादुस’ आहे, त्याचाही अर्थ पाऊल, पायरी. आपल्या ‘पदवी’त ‘पद’ आहे, तेही पाऊलच. आणि खडकवासल्याला कॅडेट जी जागा ओलांडतो ती ‘अंतिम पग’. चार वेगवेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच पावलावर येऊन थांबतात. वर्गात मी हे फळ्यावर लिहिते तेव्हा मागच्या बाकावरचे लोकही वहीत उतरवून घेतात, आणि त्यानंतर ‘आपलं इंग्रजी गावठी’ असं कुणी म्हणत नाही.

परदेशी कंपनीसाठी सीव्हीत काय लिहू?

‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी इन २०१८.’ बोलताना अमेरिकन लोक मधला ‘फ्रॉम’ गाळून ‘ग्रॅज्युएटेड कॉलेज’ही म्हणतात, पण लिहिताना ‘फ्रॉम’ ठेवलेला बरा. सीव्हीत तर पूर्ण वाक्याचीही गरज नसते. पदवीचं नाव, विद्यापीठ, साल, एवढं पुरे.

आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप केलेल्यांनी ‘कम्प्लीटेड’ वापरावं. ‘कम्प्लीटेड अ टू-इयर आयटीआय कोर्स इन फिटर ट्रेड’ हे स्वच्छ, सरळ आहे आणि कुठल्याही देशात कळतं.

‘आय डिड माय ग्रॅज्युएशन फ्रॉम...’ हा प्रयोगही आपल्याकडे सर्रास चालतो. बाहेर ‘ग्रॅज्युएशन’ म्हटलं की मुख्यतः पदवीदानाचा दिवस, काळा झगा, टोपी, फोटो डोळ्यांपुढे येतो. तीन वर्षांच्या शिक्षणाला ते ‘डिग्री’ म्हणतात. ‘आय डिड माय डिग्री इन कॉमर्स’ असं म्हणा.

‘आय हॅव पास्ड आउट इन २०१८’ बरोबर की ‘आय पास्ड आउट इन २०१८’?

दुसरं. ठरावीक साल, महिना किंवा दिवस सांगितला की ‘हॅव’ येत नाही. आपण मराठीत ‘मी २०१८ ला पास झालेलो आहे’ असं बोलतो, त्याची ती सावली आहे. साल नसेल तर ‘आय हॅव जस्ट ग्रॅज्युएटेड’ ठीक.

जाहिरातीत ‘२०२३-२४ पासआउट्स ओन्ली’ असं असतं. हे नाम म्हणून चालतं?

भारतात चालतं, खूप चालतं. वॉक-इनच्या जाहिरातीत, कॅम्पसच्या नोटिशीत, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नोकरीच्या मेसेजमध्ये तो पात्रतेचा शब्द होऊन बसला आहे. भारताबाहेर मात्र माणसाला ‘पासआउट’ म्हणत नाहीत. तिथे ‘ग्रॅज्युएट’ म्हणतात, आणि ‘२०२३ची बॅच’ म्हणायचं असेल तर अमेरिकेत ‘क्लास ऑफ २०२३’. ‘फ्रेशर’चंही तसंच. आपल्याकडे तो नोकरी शोधणारा नवा पदवीधर असतो, तर ब्रिटनमध्ये विद्यापीठात नुकताच दाखल झालेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. इंग्लंडमधल्या कंपनीला ‘आय अ‍ॅम अ फ्रेशर’ लिहिलंत तर तुम्ही अजून शिकताय असं ते धरून चालतील.

माझी केटी राहिली होती, ती वर्षभराने सुटली. मग पास आउट कधीचा लिहू?

हा प्रश्न मुंबई-पुण्याकडचे विद्यार्थी खूप दबक्या आवाजात विचारतात. दबकायचं कारण नाही. केटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’, एखादा विषय राहिला तरी पुढे जाऊ देणारी, विद्यापीठानेच दिलेली सोय. वर्ग २०१७ ला संपला, शेवटचा विषय २०१८ ला सुटला, तर ज्या साली सगळे विषय सुटून पदवी पूर्ण झाली ते साल लिहा, म्हणजे २०१८. शेवटच्या गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावर जे आहे तेच अर्जावर यावं. तपासणीत कागद आणि अर्ज यांची सालं जुळली नाहीत तर त्याचाच त्रास होतो. केटीमुळे कुणाची नोकरी अडली त्यापेक्षा साल लपवल्यामुळे अडली, असं मी जास्त वेळा पाहिलं आहे.

डॉक्टर ‘डिड यू पास आउट?’ विचारतात तेव्हा काय उत्तर द्यायचं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्यांचे आई-वडील मुलांकडे अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला जाऊन राहतात त्यांनी हे त्यांना निघण्याआधी आठवणीने सांगावं.

माझी मावशी मुलीकडे गेली होती. एका सकाळी न्हाणीघरात पडली. मुलीने तिला इमर्जन्सीत नेलं आणि स्वतः काउंटरवर कागदपत्रं भरायला थांबली. आत नर्सने मावशीच्या मनगटावर प्लास्टिकचा पट्टा बांधला आणि विचारलं, ‘डिड यू पास आउट?’ मावशीला इंग्रजी बऱ्यापैकी समजायचं. पण तिच्या कानात ‘पास आउट’ म्हणजे शिक्षण. तिचं शिक्षण लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं आणि ती सल तिला आयुष्यभर होती. फॉर्म भरतायत म्हणून विचारत असतील, असं समजून ती म्हणाली, ‘नो, नो.’ कागदावर नोंद झाली: शुद्ध हरपली नव्हती. प्रत्यक्षात ती दोन-तीन मिनिटं न्हाणीघराच्या फरशीवर बेशुद्ध होती. थोड्या वेळाने मुलगी आत आली, डॉक्टरांशी बोलताना ही गोष्ट निघाली आणि मग पुढच्या तपासण्या लागल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून मावशी नुसती विचारत होती, ‘मी काय चुकीचं सांगितलं?’

ती चुकली नव्हती. शब्दाने तिला दुसऱ्या दारी नेलं. तेव्हापासून मी माझ्या वर्गात सर्वांत आधी हाच अर्थ शिकवते, नोकरीचा नंतर.

रुग्णालयात हा प्रश्न आला तर तो शुद्धीबद्दलच असतो. उत्तर शक्य तितकं स्पष्ट द्या. पूर्ण शुद्ध हरपली असेल तर ‘येस, आय पास्ड आउट फॉर अ‍ॅन इन्स्टंट’ किंवा ‘फॉर अबाउट टू मिनिट्स’. पडला नसाल, फक्त डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर ‘आय ऑलमोस्ट पास्ड आउट’. काहीच आठवत नसेल तर तेही सांगा: ‘आय डोन्ट रिमेंबर’. ते तिसरं उत्तरही डॉक्टरांना बरंच काही सांगून जातं.

‘चक्कर आली’ला ‘पास आउट’ म्हणायचं का?

नेहमी नाही. आपली ‘चक्कर’ फार ऐसपैस आहे. गरगरलं तरी चक्कर, तोल गेला तरी चक्कर, आणि धाडकन कोसळून दोन मिनिटं डोळे मिटले तरी ‘चक्कर येऊन पडला’. इंग्रजीत याचे तीन वेगळे शब्द होतात. नुसतं गरगरणं ते ‘डिझी’. आता पडतो की काय अशी घेरी येणं ते ‘लाइटहेडेड’ किंवा ‘फेंट’. आणि शुद्ध जाणं ते ‘पास आउट’. खरं तर मराठीतही हे बारकावे होते आणि आजीच्या तोंडी अजून आहेत: गरगरणं, घेरी, भोवळ, मूर्च्छा. ते सोडून आपण सगळं ‘चक्कर’मध्ये कोंबलं. दवाखान्यात मराठीत बोलतानाही ‘शुद्ध गेली होती का नव्हती’ हे वेगळं सांगितलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

‘फेंट’, ‘पास आउट’ आणि ‘ब्लॅक आउट’ एकच का?

जवळचे आहेत, एक नाहीत. ‘फेंट’ म्हणजे मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडून येणारी भोवळ. फार वेळ उभं राहिलं, ऊन लागलं, रक्त पाहिलं, उपाशी राहिलं की येते तशी. ‘पास आउट’ त्याहून रुंद. त्यात भोवळ येते, अति दारू पिऊन पडणं येतं, आणि बोलीभाषेत दमून गाढ झोपणंही येतं. ‘आय केम होम अँड पास्ड आउट ऑन द सोफा’ म्हणजे ‘घरी येऊन आडवा झालो तो थेट सकाळीच उठलो’. तिथे घाबरून डॉक्टरांना बोलवायचं कारण नाही.

‘ब्लॅक आउट’ म्हणजे कधी शुद्ध जाणं, तर कधी माणूस चालत-बोलत असूनही दारूमुळे त्या वेळातलं नंतर काहीच न आठवणं. डोक्याला मार लागून शुद्ध गेली तर ‘नॉक्ड आउट’.

शुद्धीवर येण्याला काय म्हणतात?

‘कम टू’. दोनच शब्द आणि पुढे काही नाही: ‘शी केम टू आफ्टर अ मिनिट’. वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटतं, पण ते पूर्ण आहे. ब्रिटनमध्ये ‘केम राउंड’ही म्हणतात.

‘वाटणे’ या अर्थाने कसं वापरायचं?

पुढे वस्तूचं नाव हवं. ‘द टीचर पास्ड आउट द पेपर्स’ म्हणजे बाईंनी पेपर वाटले. ‘द टीचर पास्ड आउट’ एवढंच म्हटलं तर बाई भोवळ येऊन पडल्या. कर्माने सगळा अर्थ फिरतो. वस्तू मध्येही घालता येते: ‘पास्ड द पेपर्स आउट’. पण ‘ते’, ‘ती’ यांसारखं सर्वनाम असेल तर ते मध्येच हवं: ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ होत नाही. हा वापर जास्त करून अमेरिकेतला. ब्रिटनमध्ये ‘हँड आउट’ किंवा ‘गिव्ह आउट’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या शाळांतही ‘डिस्ट्रिब्यूट’च चालतं.

‘पास अवे’ आणि ‘पास आउट’ यांत गोंधळ होतो.

हा गोंधळ मात्र होऊ द्यायचा नाही. ‘पास अवे’ म्हणजे निधन होणं. शोकसंदेशात घाईघाईने ‘हिज फादर पास्ड आउट’ लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि ज्याचे वडील गेले त्याने ते वाचलंही आहे. तिथे दुरुस्तीला जागा नसते. खात्री नसेल तर सरळ मराठीत लिहावं, ‘बाबा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं.’ आपल्याकडे ‘एक्स्पायर्ड’ही खूप लिहितात. भारतात ते कळतं, पण बाहेर तो शब्द मुख्यतः औषधाच्या पट्टीला, व्हिसाला, पार्किंगच्या तिकिटाला लावतात, माणसाला लावला की कोरडा वाटतो. ‘पास्ड अवे’ किंवा साधं ‘डाइड’ लिहा.

‘पास’ची आणखी जोडक्रियापदं कोणती लक्षात ठेवू?

ऑफिसात लागतात ती ठेवा. निरोप, फाइल पुढे देणं ते ‘पास ऑन’. चालून आलेली संधी सोडणं ते ‘पास अप’. बढतीत डावललं जाणं ते ‘पास ओव्हर’, आणि ते बहुधा असं येतं: ‘ही वॉज पास्ड ओव्हर फॉर प्रमोशन’. नकली माल खरा म्हणून खपवणं ते ‘पास ऑफ’. आजीची नथ आईकडून लेकीकडे येणं ते ‘पास डाउन’.

उच्चार ‘पासेड आउट’ की ‘पास्ड आउट’?

लिहिताना मी ‘पास्ड’ लिहिते, पण तोंडातून ‘पास्ट’ येतं. ‘स’नंतर शेवटच्या ‘ईडी’चा ‘ट’ होतो आणि तो पुढच्या शब्दाला चिकटतो: ‘पास्टाउट’. ‘पासेड’ कुठेच नाही. अमेरिकन तोंडी ‘पॅस्टाउट’. जोर ‘आउट’वर द्या, पहिल्या शब्दावर नाही.

मराठीत बोलताना ‘पास आउट’साठी चांगला शब्द आहे का?

आहेत, आणि ते वापरावेत असं मला मनापासून वाटतं. लष्कर-पोलिसांच्या परेडला वर्तमानपत्रं ‘दीक्षांत संचलन’ म्हणतात. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून उपनिरीक्षक बाहेर पडतात त्या बातमीत हाच शब्द असतो. दीक्षा जिथे संपते तो दीक्षांत, शब्द नेमका आहे. कॉलेजसाठी ‘पदवी घेतली’, ‘शिकून बाहेर पडली’, ‘पदवीधर झाली’. ‘पास आउट झाली’ म्हणू नये असं माझं म्हणणं नाही, तो शब्द आता मराठीत मुरला आहे. ‘पासिंग’ तर त्याहून पुढे गेला. ‘एमएच १२ पासिंगची गाडी’ म्हटलं की ती पुण्याच्या आरटीओत नोंदलेली हे कुणालाही कळतं, आणि हा अर्थ इंग्लंडात जाऊन सांगितला तर कुणालाच कळणार नाही. वसतिगृहातला ‘आउटपास’ही तसाच. गेटवर दाखवून बाहेर जाण्याची ती चिठ्ठी, तिचा आणि ‘पास आउट’चा काही संबंध नाही.

‘द कॅडेट पास्ड आउट ऑन द परेड ग्राउंड’ – याचा अर्थ कोणता धरायचा?

एनडीएची तयारी करणाऱ्या एका मुलाने हा प्रश्न विचारला होता. हे वाक्य बहुतेक जण ‘मैदानावर कॅडेट भोवळ येऊन पडला’ असंच वाचतील. शिक्षण पूर्ण झालं म्हणायचं असेल तर संस्थेचं नाव जोडावं: ‘पास्ड आउट ऑफ द अ‍ॅकॅडमी’ किंवा ‘फ्रॉम द अ‍ॅकॅडमी’. जागा सांगितली की भोवळ, संस्था सांगितली की पदवी, असं ढोबळमानाने धरून चाला.

दोन्ही अर्थ एकाच मैदानावर खरोखर भेटतात. जून २०२३ मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम प्रिन्स विल्यम यांच्यासमोर चालली होती. ऊन कडक, अंगात लोकरीचे लाल कोट, डोक्यावर अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या. काही सैनिक उभ्या उभ्या कोसळले. न हलता फार वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि डोक्याकडे कमी पोचतं. कुणी असं पडलं तर आडवंच राहू द्यावं, पाय थोडे उंच करावेत, उठवून बसवायची घाई करू नये. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८ला फोन करावा.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की संचलनात उभं असताना गुडघे ताठ आवळून धरू नकोस आणि पायाची बोटं बुटातल्या बुटात हलवत राहा, बाहेरून कुणाला दिसत नाही.